सारंगखेड्याहून आणलेली घोडी पाय देत नाही, कानाला हात लावू देत नाही: काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा. सिन्नर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने दत्तजयंतीच्या यात्रेत सारंगखेड्याहून मारवाडी घोडी आणली. दलालाने वय तीन वर्षं सांगितलं. ती मागचे पाय उचलू देत नाही, कानाजवळ हात नेला की मान झटकते, बांधली की मागे रेटून म्होरकी तोडते. नालबंद आला तो हात न लावताच परत गेला. गावातले जाणते म्हणतात, "दोन दिवस दाणापाणी तोड, चाबूक दाखव, आपोआप मऊ येईल." चौदा वर्षांच्या मुलाला तिच्यावर बसायचंय, आणि पुढे घरच्या लग्नात वरातीला ती चालावी अशी इच्छा आहे. कसं हाताळावं, रोजची निगा काय ठेवावी, आणि डॉक्टरांना कधी बोलवावं?

दाणापाणी तोडू नका. बाकीचं सविस्तर लिहितो, पण हे आजच थांबवा. घोड्याचं पोट अंगाच्या मानाने लहान, जेमतेम ८ ते १५ लिटरचं. त्यात आम्ल दिवसरात्र पाझरत असतं, चारा असो वा नसो. मोकळं सोडलेलं जनावर दिवसातले पंधरा-सोळा तास चरतं आणि चावताना सुटणारी लाळ ते आम्ल शमवते. चारा तोडला की आम्ल थेट पोटाच्या अस्तराला लागतं आणि अल्सर होतात. उपाशी घोडी मऊ दिसते ती गळून गेल्यामुळे, शिकली म्हणून नाही. पोटात आग असलेली हीच घोडी पुढे तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना वळून चावते, आणि मग तिला "खोडकर" म्हणून पुन्हा मार बसतो. पाणी तोडणं त्याहून वाईट. आतड्यातला चारा कोरडा पडून अडकतो, आणि घोड्याला उलटी करता येत नसल्याने वरून सुटकाही नाही. पोटशूळाने गेलेले किती तरी घोडे असल्या इलाजांचे बळी असतात.

आता घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते पाहू. घोडी एखादी गोष्ट करू देत नाही तेव्हा मी आधी दुखणं शोधतो, मग भीती, आणि ही दोन्ही नसतील तरच शिकवण्यातली उणीव. "माज" नावाचं कारण मी यादीत धरतच नाही. घोडं हे पळून जीव वाचवणारं जनावर आहे. पळता आलं नाही तरच ते लाथ मारतं किंवा चावतं. तुमच्या तिन्ही तक्रारी याच क्रमाने तपासा.

कानापासून सुरुवात करू. मारवाडीचे कान टोकाशी आत वळलेले, देखणे. त्याच कानांच्या आत गोचीड बसलेली मी अनेकदा पाहिली आहे. बाहेरून काही दिसत नाही, पण हात जवळ नेला की घोडी मान उडवते. एखादा कान सतत लोंबता ठेवत असेल, डोकं एका बाजूला झटकत असेल किंवा खांबावर कान घासत असेल, तर आधी डॉक्टरांकडून कान तपासून घ्या. गोचीड निघाली, सूज उतरली की निम्मी तक्रार तिथेच संपते. उरलेली निम्मी बहुधा बाजाराची देणगी. यात्रेत गाडीत चढवताना, दात दाखवताना कान पिरगळून धरायची वाईट पद्धत आहे. तशी धरलेली घोडी माणसाचा वर येणारा हात विसरत नाही.

मागच्या पायांचंही तसंच. गुडघ्याखाली, मुडप्याभोवती (खुराच्या वरच्या सांध्याभोवती) पिछाडीचे, म्हणजे मागचे पाय बांधायच्या दोराचे, जुने वळ आहेत का पाहा. केस पांढरे उगवले असतील तर तिथे कधी तरी कातडी सोललेली होती. खुराच्या तळाशी मध्यभागी जो रबरासारखा त्रिकोण असतो त्याच्या खाचांतून काळपट, कुजका वास येणारा चिकट द्रव निघत असेल तर ते खूर सडणं आहे, इंग्रजी नाव थ्रश. ओल्या, लिदेने भरलेल्या जमिनीवर उभ्या असलेल्या जनावराला ते हमखास होतं. तो भाग दाबला की कळ येते, म्हणून घोडी पाय हिसकावते. एक पाय उचलायचा म्हणजे बाकीच्या तिघांवर भार. दुखतो तो पाय कदाचित दुसराच असेल, हेही ध्यानात ठेवा.

तिसरं, तोंड. दलालाचं वय मी कधी गृहीत धरत नाही. दुधाचे पुढचे दात पडून पक्के येतात ते मधली जोडी साधारण अडीचाव्या वर्षी, शेजारची साडेतीनला आणि कोपऱ्यातली साडेचारला. खालचा ओठ हलकेच खाली करून पाहिलं तरी अंदाज येतो. मधली जोडी पक्की आणि शेजारचे दात अजून लहान, दुधाचे असतील तर तीनच्या आसपासचं वय खरं. या दीड-दोन वर्षांत दाढाही बदलत असतात आणि हिरड्या दुखऱ्या असतात. अशा तोंडात लगामाचं लोखंड घातलं की घोडी डोकं वर फेकते. चारा चघळून त्याचे ओले गोळे खाली टाकत असेल तर दाढेला धार आली आहे असं समजा आणि दात घासून देणारा पशुवैद्य शोधा. तोवर लगाम नको, म्होरकीवरच काम करा.

यात्रेतून आणलेल्या जनावराच्या कागदांबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग नसल्याचा दाखला मिळाला होता का? नसेल तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगून रक्त तपासणीला द्या. नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रापर्यंत जातो. हा रोग माणसालाही होतो आणि जीवघेणा ठरतो, २००९ च्या प्राण्यांतील सांसर्गिक रोगांच्या कायद्याखाली त्याची खबर देणं बंधनकारक आहे, आणि रोगी जनावर वाचवता येत नाही. नाकातून चिकट पिवळा स्राव, कातडीखाली गाठींची माळ, त्या फुटून वाहणं, अशी लक्षणं दिसली तर मुलाला त्या घोडीपाशी जाऊ देऊ नका आणि उघड्या हातांनी शेक-मलम करत बसू नका. जबड्याखाली सुजून गाठ आली आणि ताप असेल तर तो स्ट्रँगल्स असू शकतो. तो बहुतेकदा बरा होतो, पण बादली, ब्रश आणि हातांमार्फत दुसऱ्या घोड्यांना भराभर लागतो. शेजारी कुणाचे घोडे असतील तर पहिले तीन आठवडे नवी घोडी त्यांच्यापासून वेगळी बांधणं हा साधा शहाणपणा आहे.

आता रोजचं पाहणं. सकाळी चारा टाकण्याआधी दोन मिनिटं नुसतं उभं राहून घोडीकडे बघा. रात्रीची लीद किती पडली आहे, तिचे गोळे नेहमीसारखे आहेत की सुके-बारीक झालेत? बादलीतलं पाणी किती कमी झालं? तुमच्या आवाजावर कान वळले का? मग हात लावून बघा. हिरडी ओलसर, फिकट गुलाबी हवी. बोटाने दाबून सोडली की पांढरा ठसा दोन सेकंदांच्या आत भरून यायला हवा. नाडी जबड्याच्या हाडाच्या खालच्या कडेवरून जाणाऱ्या रक्तवाहिनीवर लागते. शांत उभ्या घोडीची नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६. ताप गुदद्वारातून, साध्या डिजिटल थर्मामीटरने घ्या, त्याला दोरा बांधून ठेवा. ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस, म्हणजे साधारण ९९.५ ते १०१.३ फॅरनहाइट, हे ठीक. घोडी निरोगी असताना आठवडाभर हे आकडे वहीत लिहून ठेवा. फोनवर डॉक्टरांना "बरी दिसत नाही" सांगण्यापेक्षा "नाडी ६०, एरवी ३६ असते" असं सांगितलं की ते हातातलं काम टाकून निघतात.

आणि हे पाहणं हेच तुमचं पहिलं शिक्षण आहे. ओठ वर करू देणं, शेपूट बाजूला घेऊ देणं, पोटाला कान लावू देणं, खूर हातात देणं, यातली प्रत्येक गोष्ट घोडीला शांतपणे जमली पाहिजे. कारण ज्या रात्री पोटशूळ होईल किंवा पायात खिळा घुसेल, त्या रात्री तिला आवरण्यात तासभर गेला तर उपचाराचा वेळ हातातून जातो. घोड्याची तालीम आणि घोड्याची तब्येत ही मला दोन वेगळी कामं कधी वाटलीच नाहीत.

पाय उचलायला कसं शिकवायचं ते जरा बारकाईने सांगतो, कारण तुमचा नालबंद तिथेच अडला आहे. घोडी बांधू नका. ओळखीच्या माणसाला म्होरकीचा दोर सैल हातात धरून उभं करा, आणि तो माणूस तुमच्याच बाजूला उभा असू दे, म्हणजे घोडी बिचकली तर तिचं मागचं धूड तुमच्यापासून दूर वळवता येतं. घोड्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, पण कपाळाच्या अगदी समोर आणि शेपटीच्या मागे त्याला दिसत नाही. म्हणून खांद्याकडून जा, बोलत जा. हात खांद्यावर ठेवा, पाठीवरून कमरेकडे, मग मांडीवर सरकवा. कुठे तरी एका जागी कातडी थरथरेल, शेपूट आवळली जाईल, श्वास थांबेल. तीच तुमची आजची हद्द. तिथे हात घट्टही करू नका आणि उचलूही नका, फक्त ठेवा. श्वास सुटला, मान खाली आली, ओठ चाळवले की त्याच क्षणी हात काढून घ्या आणि दोन पावलं मागे व्हा. पुन्हा तिथूनच.

यात सगळी मख्खी हात कधी काढला यात आहे. घोडी दाबाने शिकत नाही, दाब सुटण्याने शिकते. तिने लाथ झाडल्यावर तुम्ही हात काढलात तर "लाथ झाडली की माणूस जातो" हा धडा पक्का झाला. ती शांत असताना काढलात तर "उभं राहिलं की माणूस जातो" हा. एका सेकंदाचा फरक आहे, पण घोडी तेवढाच जोडते. म्हणून रागावलेल्या, घाईतल्या माणसाने हे काम करू नये, तो नेमका चुकीच्या वेळी सोडतो. ती लाथ झाडेलच असं वाटत असेल तर हाताऐवजी लांब काठीच्या टोकाला जुना हातमोजा कापडाने भरून बांधा आणि त्याने पाय चोळा. मोजा लाथेच्या टप्प्यात राहतो, तुम्ही बाहेर. तिने पाय झाडला तरी मोजा तिथेच हलका टेकलेला राहू द्या, पाय स्थिरावला की बाजूला घ्या.

हात खुरापर्यंत निवांत पोहोचला की उचलणं. आधी पुढचे पाय, मागचे नंतर. मुडप्याच्या वर मागच्या दोरीसारख्या शिरा (कंडरा) बोटांत हलकेच दाबा, ती भार दुसरीकडे टाकेल. तेवढ्यावरच सोडा. मग खूर जमिनीपासून चार बोटं वर, क्षणभर, आणि तिने ओढायच्या आत तुम्हीच अलगद खाली ठेवा. आपटू नका. मागचा पाय उंच किंवा बाहेरच्या बाजूला खेचू नका, कोवळ्या घोडीच्या सांध्यांना ते खरंच दुखतं आणि मग ती हिसकावते ती बरोबरच असते. दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं बास. काही दिवसांनी उचललेल्या खुरावर तळहाताने थापटा, मग लहान गुळगुळीत दगडाने ठक-ठक करा, म्हणजे नालबंदाचा हातोडा तिला नवा वाटणार नाही. उजव्या बाजूने सगळं पुन्हा पहिल्यापासून शिकवा. डावीकडून हुशार झालेली घोडी उजवीकडून तितकीच नवखी असते.

नालबंदाला बोलवाल तेव्हा फक्त खूर तासायला सांगा. शेताच्या मातीत फिरणाऱ्या तीन वर्षांच्या घोडीला आत्ता नाल ठोकायची गरज नाही. खूर महिन्याला साधारण ८ ते १० मिलिमीटर वाढतो, त्यामुळे सहा ते आठ आठवड्यांनी तासणं चुकवू नका. लांब वाढलेल्या पुढच्या टोकाचा ताण वर शिरांवर येतो. खूर सडत असेल तर रोज खुरणीने खाचा साफ करून कोरडी जागा देणं हा अर्धा उपचार. पावसाळ्यात गोठ्यात मुरमाचा उंचवटा करून घ्या.

बांधल्यावर मागे रेटण्याची खोड मोडायला जाड साखळी आणून बांधणारे लोक आहेत. घोडी घाबरून सगळं वजन मागे टाकते, मानेच्या पहिल्या मणक्यांना इजा होते, कधी कधी ती उलटी पडते. तिला आधी एवढंच शिकवा की डोक्यामागे म्होरकीचा दाब आला की पुढे यायचं. दोर हातात धरून हलका ताण द्या, तिने अर्धं पाऊल जरी पुढे टाकलं तरी लगेच ढील. हे मुरलं की दोर खांबाला गाठ न मारता गुळगुळीत कड्यातून एक वेढा घालून हातात धरा. ती रेटेल तेव्हा दोर सरकेल, अडकल्याची दहशत बसणार नाही, आणि ढील मिळेल ती पुढे आल्यावरच. नंतर बांधाल तेव्हा तिच्या खांद्याच्या उंचीवर, हातभर दोर ठेवून, आणि एका झटक्यात सुटेल अशी सरकगाठ. आगाडी-पिछाडी लावून रात्रंदिवस उभं ठेवणं बंद करा. घोडं उभ्यानेही डुलकी घेतं, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं. रोज काही तास कुंपणात मोकळं सोडा. घोडं कळपातलं जनावर आहे, दुसरं घोडं नसेल तर शेजारी एखादी शेळी बांधली तरी त्याला बराच धीर येतो.

आता चारा. आधी वजन काढा, काटा लागत नाही. पुढच्या पायांच्या लगेच मागे, खांद्यामागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, आणि खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८०, म्हणजे किलोत वजन. घेर १६५ आणि लांबी १५० असेल तर साधारण ३४४ किलो. वजनाच्या दीड ते दोन टक्के सुका चारा रोज पोटात गेला पाहिजे, म्हणजे या घोडीला पाच ते सात किलो, तोही तीन-चार वेळा विभागून, रात्रीचा वाटा मोठा. सुकं गवत सगळ्यात उत्तम. कडबा द्यायचा तर बारीक कुट्टी करून, बुरशी नसलेला. हिरवी कोवळी ज्वारी किंवा पाण्याअभावी कोमेजलेली ज्वारी अजिबात नको. तिच्यातलं विष गाईला बाधतं हे सगळ्यांना माहीत असतं. घोड्याला ती सतत खाऊ घातली तर मागचे पाय लटपटतात आणि लघवीवरचा ताबा जातो.

चंदीचं वेड आपल्याकडे फार. भिजवलेला हरभरा आणि गव्हाचा कोंडा ओंजळी भरभरून दिला म्हणजे घोडी फुलते अशी समजूत. काम न करणाऱ्या घोडीला एवढा दाणा दिला की ती फुरफुरते, आणि मग तिच्या उड्यांना वात्रटपणा म्हणून मार बसतो. एका वेळी दीड किलोच्या वर दाणा कधीच नको. तो मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो, पोटशूळ होतो किंवा खुराच्या आत सूज येते. ही सूज, लॅमिनायटिस, फार वेदनादायी असते. घोडी मागच्या पायांवर भार टाकून पुढचे पाय पुढे ताणून उभी राहते आणि खूर गरम लागतात. दिसताच त्याच तासाला डॉक्टर. कोंड्याचं दुखणं वेगळं. त्यात कॅल्शियमच्या जवळजवळ दहा पट फॉस्फरस असतो. महिनोन् महिने तोच मुख्य खाणं झालं तर शरीर हाडांतून कॅल्शियम काढतं, जबड्याची हाडं फुगतात आणि घोडी कारण न दिसता लंगडते. थोडा लसूणघास रोज दिला तर कॅल्शियम भरून निघतं. सोबत साधं मीठ २५-३० ग्रॅम. पाणी थंडीत २०-२५ लिटर, उन्हाळ्यात दुप्पट लागू शकतं, म्हणून बादली कधी रिकामी दिसू नये.

गाई-म्हशींच्या घरात घोडं आलं की दोन धोके ठरलेले असतात, ते ठळकपणे सांगतो. पहिला, कोंबड्यांच्या आणि गुरांच्या काही खुराकांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. कोंबडीला ते चालतं, घोड्याच्या हृदयाचे स्नायू मात्र थोड्याशा मात्रेतही मरतात. पोत्यावरचं लेबल वाचा, पण त्याहून चांगलं म्हणजे गुरांचा खुराक घोडीच्या तोंडाशी जाऊच देऊ नका. दुसरा, गोचिडांसाठी गुरांवर मारतात त्या फवाऱ्यांतलं अमिट्राझ. घोड्याचं आतडं त्याने बंद पडतं. गोचिडांचं औषध घोड्यासाठीच लिहून घ्या.

पोटशूळाची खूण म्हणजे पुढच्या पायाने माती उकरणं, वळून वळून कुशीकडे बघणं, बसणं-उठणं, लोळणं, वरचा ओठ मुडपणं, लीद बंद होणं. चारा उचला, पाणी राहू द्या. ती शांत उभी असेल तर राहू द्या, धाडधाड लोळत असेल तर सावकाश चालवा, तासन् तास पळवू नका. नळकांड्याने किंवा बाटलीने तेल, सोडा, हिंगाचं पाणी तोंडातून ढोसू नका. दुखण्याने तळमळणाऱ्या घोडीच्या फुप्फुसात ते जातं आणि पोटातून वाचलेली घोडी न्यूमोनियाने दगावते. तेल द्यायचंच असेल तर डॉक्टर नाकातून नळी घालून देतील. नाडी ६० च्या वर, हिरडी विटकरी किंवा जांभळट, पोटाच्या दोन्ही कुशींना कान लावून गुडगुड ऐकू येत नाही, यातलं एकही असेल तर सकाळची वाट बघू नका. सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२ हा क्रमांक गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवा, आणि घोडे बघणारा जवळचा डॉक्टर कोण हे आज, घोडी धडधाकट असतानाच विचारून ठेवा. प्रत्येक गावच्या डॉक्टरांना घोड्यांचा सराव नसतो, त्यात त्यांचा दोष नाही.

लशींत धनुर्वाताची चुकवू नका. सगळ्या पाळीव जनावरांत घोडं धनुर्वाताला सगळ्यात नाजूक, आणि शेतात गंजकी तार, खिळे कुठे नसतात? मोकाट कुत्री असलेल्या गावात रेबीजचीही द्या. जंताचं औषध दर तीन महिन्यांनी डोळे झाकून देण्यापेक्षा लिदेची तपासणी करून द्या, नाहीतर जंत औषधाला सरावतात. पावसाळा सरताना गोमाश्या वाढल्या की सर्रा हा रक्तातल्या परोपजीवीचा रोग आठवा. ताप येतो-जातो, खाणं बरं असूनही घोडी खंगते, पोटाखाली आणि पायांवर सूज उतरते, हिरड्या फिक्या पडतात. याचा परोपजीवी १८८० साली ग्रिफिथ एव्हन्स या पशुवैद्याने डेरा इस्माईल खान इथे आजारी जनावरांच्या रक्तात शोधला. औषध आहे, पण रक्त तपासून, मात्रा मोजून द्यावं लागतं. "अशक्तपणा" म्हणून टॉनिकच्या बाटल्या देत बसलेल्यांच्या घोड्या यात हकनाक जातात.

वरातीचं म्हणाल तर गर्दी आणि आवाज घोड्याला सोसतच नाहीत असं नाही. माउलींच्या पालखीसोबतचे अश्व लाखो लोकांत, टाळ-मृदंगाच्या गजरात रिंगण घेतात. पण सवय टप्प्याटप्प्याने लागते. मोबाइलवर ढोल-ताशा हळू आवाजात, घोडी चारा खात असताना, वीस-तीस पावलांवरून लावा. कान वळवून पुन्हा चाऱ्यात तोंड घालत असेल तर ठीक. चघळणं थांबलं, मान ताठली, तर तुम्ही फार जवळ आलात. एकदम डीजेसमोर नेऊन उभी केलेली घोडी गप्प राहते कधी कधी, पण ते भीतीने थिजणं असतं आणि पुढच्या फटाक्याला ते फुटतं, बहुधा नवऱ्या मुलासकट. हे एका वर्षात होईल असं धरू नका. यंदाच्या लग्नाला तिला नेऊ नका. आणि काटे असलेला लगाम वरातवाले वापरतात म्हणून घेऊ नका. तो जीभ फाडतो, आणि १९६५ च्या प्राणी क्रूरता नियमांनी त्यावर बंदी आहे.

मुलाचं बसणं. घोड्याच्या पाठीच्या मणक्यांची वाढ सगळ्यात शेवटी, साडेपाच वर्षांच्या सुमारास पुरी होते. तीनला पाठीवर रोज भार नको. हे वर्ष मुलाने तिला हाताने चालवणं, थांबवणं, मागे घेणं, वळवणं, खरारा करणं आणि पाय उचलणं यात घालवावं. चार वर्षं पुरी झाली, दात तपासून झाले आणि खोगीर पाठीला नीट बसतंय हे पाहिलं की थोडं थोडं सुरू करा. खोगिरासकट भार तिच्या वजनाच्या पंधरा ते जास्तीत जास्त वीस टक्के. ३४४ किलोच्या घोडीला ५० ते ६८ किलो. म्हणजे मुलगा चालेल, तुम्ही नाही. पहिले काही दिवस तुम्ही म्होरकी धरून पुढे, मुलगा वर, दहा-वीस पावलं आणि उतर. दुडकी वगैरे नंतरचं. हेल्मेट पहिल्या दिवसापासून, आणि खोगिरावर चढताना पायात टाच असलेले बूट, चप्पल नको. रिकिबीत अडकलेली चप्पल सुटत नाही.